अर्धं बावखल

डंपर बावखलाच्या काठाकडे मागे मागे येऊ लागला, तेव्हा रोवेना पायऱ्यांवर बसून पायांत फिन्स चढवत होती. पाठीवर सिलिंडर बांधून झालं होतं. काठावर उभ्या असलेल्या प्लासिडकाकांनी आधी डंपरकडे पाहिलं, मग पुतणीकडे.

"हा काय तमाशा? बाजूला हो. माझा हिस्सा मी विकलाय. माझ्या अर्ध्यात भराव पडणार."

"पडू दे ना. फक्त पाण्यात तुमचं अर्धं कुठून सुरू होतं तेवढं दाखवा, काका. मी माझ्या अर्ध्यात बसते."

काका आणि रोवेनाचे वडील यांच्यातली वाटणी कागदावर झाली होती; पाण्यात रेघ कुणी मारली नव्हती. रोवेनाने मास्क डोळ्यांवर ओढला, हवेची नळी दातांत धरली आणि ती पाण्याखाली गेली.

राजोडीच्या अलीकडच्या या वाड्यांना गोडं पाणी होतं ते या बावखलामुळे, या जुन्या तळ्यामुळे. ते बुजलं की विहिरींत खारं पाणी शिरणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांनाही होतं. पण बिल्डरने आचोळ्यात दोन फ्लॅट कबूल केल्यापासून ते विहिरीचं नाव काढत नव्हते.

रोवेना लक्षद्वीपच्या एका बेटावर पर्यटकांना प्रवाळ दाखवायला समुद्राखाली न्यायची. सुट्टीवर येताना मुंबईतल्या एका ओळखीच्या पाणबुड्याकडून तिने भरलेलं सिलिंडर मागून आणलं होतं. पाण्याखाली माणूस जगतो कसा, हे आईला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आज आई काठावर उभी होती खरी, पण बघण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

तळ दोन पुरुष खोल. रोवेना चिखलात बसली आणि शेवटच्या पायरीला तिने घट्ट धरलं. तिकडे बेटाजवळच्या समुद्रात हाकेच्या अंतरावरचा मासा दिसायचा, इथे स्वतःचा पंजा दिसेना. डंपरच्या इंजिनाची घरघर पाण्यातून थेट छातीत येत होती.

नेहमी ती पर्यटकांना सांगायची, सावकाश श्वास घ्या, हवा पुरवा. आज ती मुद्दाम मोठमोठे श्वास सोडत होती. बुडबुडे वर दिसायला हवे होते. खाली माणूस आहे, हे क्षणभरही कुणाला विसरता कामा नये.

मग वरून डबर आलं. सगळं नाही, पाच-सहा घमेली असेल. पण गाळ उसळला आणि काळोख झाला. एक दगड सिलिंडरवर ठण्णकन आपटला, दुसरा खांद्यावर बसला. नळी तोंडातून निसटता निसटता राहिली. रोवेना भ्याली. वर जावं, असं अंग न् अंग ओरडून सांगत होतं.

तिला प्रवाळ आठवला. त्याला जागा सोडून पळताच येत नाही. मागच्या वर्षी तिकडे बोटींच्या धक्क्यासाठी समुद्राचा तळ उपसला, तेव्हा असाच गाळ येऊन प्रवाळावर बसला होता. ती रोज खाली जाऊन बघायची. ते इवले इवले जीव अंगातून चिकट रस सोडायचे आणि गाळ लोटून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळ, पुन्हा तेच. थकले ते पांढरे पडले. पण मुकाट्याने गाडून घेतलेला एकही तिने पाहिला नव्हता. आणि त्यांच्यातच राहणारा तो बोटाएवढा नारिंगी मासा! त्याच्या घराजवळ गेलं की सरळ मास्कच्या काचेवर चालून यायचा. पर्यटक हसायचे. पण मागे सरायचे ते पर्यटकच.

तिने दुखऱ्या खांद्याकडे दुर्लक्ष केलं, पायरी आणखी घट्ट धरली आणि फुफ्फुसं रिकामी होईतो बुडबुडे सोडले. वरून पुढचा दगड आला नाही. घरघरही थांबली.

तिने धरलेली पायरी सोडली नाही. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. हवा ओढायला जोर लागू लागला, तसा तिने हवा किती उरली ते दाखवणारा काट्याचा डबा मास्कला चिकटवून पाहिला. काटा तांबड्या पट्टीत गेला होता. आता वर जायचं, आणि आपण बाहेर पडलो की उरलेला डंपर रिकामा होणार. तिला रडूच आलं. मास्कच्या आत रडताही येत नाही धड. उरलेसुरले श्वास तिने कंजुषासारखे वापरले आणि अगदीच काही येईना, तेव्हा ती पायऱ्या चाचपत वर सरकली.

हाताला पाऊल लागलं.

भेगाळलेली टाच होती. शेजारी आणखी एक जोडी. त्यापलीकडे आणखी. पाण्यात फुगलेल्या लाल चौकडीच्या लुगड्यांमधून वाट काढत रोवेनाने डोकं बाहेर काढलं.

वाडीतल्या बायका छातीएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. आईने तिचा दंड पकडला आणि तो सोडलाच नाही. काठावर ड्रायव्हर किल्ली खिशात टाकून काकांशी भांडत होता. "आप बोला वो ऊपर आएगी. किधर आई? अभी ये सब भी अंदर गया. मैं नहीं डालेगा, साब, किसी और को बुलाओ."

काकांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते. सगळ्यांच्या पुढे, गळ्यापर्यंत पाण्यात, त्यांची बायको उभी होती.

"तू आधी बाहेर ये!" काका ओरडले. "घरी चल!"

काकूने गालाला चिकटलेलं शेवाळ काढून बाजूला टाकलं.

"घरी आज रांधलं नाय," ती म्हणाली. "भूक लागली की तुम्ही पण इथेच या."