कोपऱ्यातला कप

आज वॉल्टर प्रोकिव पायऱ्या चढला नाही. गुडघ्याने सकाळीच नकार दिला होता. खेळाडू हेरायला आलेले बाकीचे पारखी नेहमीसारखे वर, छताखालच्या बाकांवर बसले आणि तो खाली, गोलच्या मागच्या कोपऱ्यात मैदानाभोवतीच्या काचेला टेकून उभा राहिला. रविवारची दुपार, आइस हॉकीच्या सामन्याचं तीनपैकी दुसरं सत्र. बाहेर उणे एकतीस अंश.

"काय वॉल्टर, पायऱ्यांशी भांडण झालं का?" वरून ट्रेंट ओरडला. तो दुसऱ्या क्लबासाठी पोरं पारखायचा. वय वॉल्टरच्या निम्मं.

"त्यांनीच अबोला धरलाय," वॉल्टर म्हणाला.

जूनच्या ड्राफ्टमध्ये मोठे क्लब अठरा वर्षांची पोरं एकेक करून उचलणार होते. त्यात सात नंबरचा बचावपटू, कोल्बी हॅलबर्ग, पहिल्याच फेरीत जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाप रॉय अकरा हंगाम व्यावसायिक आइस हॉकी खेळलेला. खाण तशी माती. या हिवाळ्यात वॉल्टरने कोल्बीवर नऊ अहवाल लिहिले होते, आणि नऊच्या नऊ अहवालांत एक वाक्य होतं: याला पाठीलाही डोळे आहेत. इतरांनी ते त्याच्याकडूनच उचललं होतं.

रॉय त्याच कोपऱ्यात, चार हातांवर उभा होता. नेहमीच असायचा. सत्र संपून संघांनी बाजू बदलल्या की तोही पलीकडे, आपल्या पोराच्या गोलमागे जाऊन उभा राहायचा. हातात कागदी कप.

चकती बर्फावरून घसरत कोपऱ्यात आली. कोल्बी ती घ्यायला काचेकडे तोंड करून धावला. पाठीमागून समोरच्या संघाचा गडी सुसाट. पोराने मागे पाहिलं नाही. त्याचे डोळे फक्त एक क्षण वर गेले. रॉयने कप या हातातून त्या हातात घेतला. कप गेला त्याच बाजूला कोल्बी झटकन निसटला आणि मागचा गडी नुसत्या कडेच्या फळीवर आदळला. वर कोणीतरी शीळ घातली.

आणखी दोनदा तसंच झालं. दुसऱ्या वेळी वॉल्टरने चकतीकडे पाहिलंच नाही, कपाकडे पाहिलं. मग वही मिटली. त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

सत्र संपल्यावर त्याने हाक मारली, "रॉय."

रॉय वळला तो खांद्यांसकट, सगळाच्या सगळा. शेवटच्या हंगामात मागून बसलेल्या धडकेनंतर त्याची मान वळत नसे.

"कॉफी आणू तुला?"

"नको. आहे ना."

"तासाभरापासून एक घोट घेतला नाहीस. रिकामा कप आहे तो."

रॉयने कपात डोकावून पाहिलं, जणू त्यालाही आत्ताच कळत होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"दहा वर्षांचा होता तेव्हापासून."

"त्यापेक्षा मान वळवायला शिकवायचंस."

"शिकवलंय हो. सरावात वळवतो. सामन्यात माझ्याकडे बघतो." रॉय थोडा थांबला. "लिहिणार तुम्ही हे?"

"जूनमध्ये त्याला कोणीतरी घेईल. मग वीस हजार माणसांत तू कोणत्या कोपऱ्यात उभा राहणार? आणि तिथली पोरं शंभर किलोची असतात."

"पहिली फेरी हुकेल त्याची."

"हुकेल कदाचित. शेवटच्या सत्रात हात खिशात घाल. जे दिसेल ते लिहीन."

"वर सगळे बसलेत, वॉल्टर. सगळ्यांसमोर उघडं पाडू पोराला?"

"मान कोणाची जायची आहे, रॉय? तुझी तर गेलीच आहे."

दोघं मैदानाला वळसा घालून, बटाट्याच्या तळणाच्या वासातून, पलीकडच्या कोपऱ्यात गेले. एक लंगडत, एक ताठ. रॉयने कप कठड्यावर ठेवला आणि हात खिशात घातले.

चौथ्या मिनिटाला चकती कोपऱ्यात आली. कोल्बी आला, डोळे वर गेले. बापाचे हात दिसेनात. तो तसाच बघत राहिला आणि मागच्या गड्याने त्याला काचेवर चेपलं. काच थरथरली, कप खाली पडला. पोराचं तोंड रॉयच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. शिरस्त्राणाच्या जाळीमागून त्याने बापाकडे असं पाहिलं, की रॉयचा एक हात खिशातून अर्धा बाहेर आला.

"रॉय," वॉल्टर हळूच म्हणाला.

हात परत आत गेला.

वरच्या बाकांवर कोणी शीळ घातली नाही. ट्रेंट मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.

सामना संपायला दोन मिनिटं असताना चकती पुन्हा त्याच कोपऱ्यात आली. कोल्बी पुन्हा तोंड काचेकडे करून धावत सुटला, मागे तोच गडी. रॉयने डोळे मिटून घेतले.

धाडकन आवाज झाला. काच हलली.

"वळवली का मान?" रॉयने डोळे मिटूनच विचारलं.

"उशिरा," वॉल्टर म्हणाला. "पण वळवली. खांद्यावर घेतली धडक."

"आणि चकती?"

"चकती गेली."

रॉयने डोळे उघडले तेव्हा पोरगा उठून, चकती गेली होती तिकडे निघालाही होता. काचेतून त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवरचं बापाचं आडनाव.