मुकं पिस्तूल

"बोट इथं ठेवायचं, निलू. आन् असं वाकवायचं."

विरूपाक्षप्पा सकाळपासून नातीला शिकवत होते. तीन वर्षांची निलू आजोबांच्या मांडीवर बसून हवेत बोट वाकवायची आणि दर वेळी खुदकन हसायची.

खंडेनवमी होती. औशातल्या आडत दुकानामागच्या घरात पाटावर तराजू, मापं, विळी, कुऱ्हाड मांडून झाली होती. निलूच्या आजीनं, दानम्मांनी, सगळ्या हत्यारांना विभूतीचे पट्टे ओढले, झेंडू वाहिला. मधोमध अप्पांचं पिस्तूल. लायसनवरचं जुनं जमा करून त्यांच्या मुलानं, वीरेशनं, गेल्याच महिन्यात नांदेडहून हे नवं आणलं होतं. घडण अगदी जुन्यासारखीच, मूठसुद्धा तशीच काळी. वजनाला तेवढं हलकं. अप्पा त्यावरच खूश होते.

या घरात नवमीला धाकट्या लेकराकडून पिस्तुलाचा घोडा दाबून घेत. नळीत एक गोळी कायम ठेवायची अप्पांची सवय. पण मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं की घोडा कितीही दाबा, पिस्तूल मुकं. अप्पा मॅगझिन काढून मांडीवर ठेवत आणि नळीसमोर स्वतःचा तळहात धरत. भिंतीवर फोटोच होता: चार वर्षांचा वीरेश, घोड्यावर बोट, समोर अप्पांचा पंजा.

अंबिकानं लेकीला सासऱ्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं. "अप्पा, यंदा राहू द्या. लई लहान हाय ती."

"मग तुझा नवरा काय मिशा घेऊन बसला होता का इथं?"

दानम्मा हसल्या. वीरेशही हसला.

"हसा तुम्ही. पण माझ्या लेकीच्या हातात न्हाई देणार मी ते."

या घरात ती असं कधी बोलली नव्हती. दानम्मांचं हसू ओठातच राहिलं. अप्पा मात्र रागावले नाहीत. थोडे हिरमुसले, मग मऊ आवाजात म्हणाले, "भ्या वाटायलंय का तुला? बस अशी समोर. आधी मीच दाबून दावतो. मग तूच म्हणशील, घे निलू."

त्यांनी मॅगझिन काढलं, तिला दिसेल असं वर धरलं, मांडीवर ठेवलं. डावा तळहात नळीला लावला. वीरेशनं फोटोसाठी मोबाइल उचलला.

बार उडाला.

तराजूचं पारडं हलत राहिलं. झेंडूच्या पाकळ्यांवर, मापांवर, विभूतीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लाल शिंतोडे होते. दानम्मांनी पदर अप्पांच्या पंजाभोवती गुंडाळला. तो लगेच भिजला. "वीरेश, गाडी काढ! बघत काय राहिलास, गाडी काढ!"

वीरेश हलला नाही. "अप्पा... तो दुकानदार बोलला होता. मॅगझिन काढल्यावर अडवणारा खटका नव्यात ठेवला न्हाई म्हणून. घोडा मऊ लागावा म्हणून काढलाय म्हणाला. मला वाटलं, चांगलंच हाय की..." आणि मग तो चावीकडे पळाला.

  उजव्या हातानं अप्पांनी मांडीवरचं मॅगझिन चाचपलं, उचललं आणि सुनेपुढे धरलं. 

"काढलंय की गं मी. हे बघ. काढलंय."

अंबिकाला त्यांच्याकडे बघवेना. तिनं निलूचं डोकं खांद्यात घट्ट दाबून धरलं होतं. लेक रडतही नव्हती. फक्त तिचं एक बोट आईच्या मानेवर वाकत होतं, सुटत होतं, परत वाकत होतं. सकाळपासून शिकवलं होतं तसं.