नाशिकची फुटकी बरणी

धंतोलीतल्या जिजाबाईंचं भिवापुरी मिरचीचं लोणचं पार्सलने गावोगाव जायचं. नाशिकच्या एका वकिलांचं त्या वर्षी तिसऱ्यांदा तेच पत्र आलं, "काचेची बरणी वाटेत फुटली. सगळं लोणचं फेकून द्यावं लागलं. दुसरी पाठवा."

"खोटं बोलून राहिला तो," जिजाबाईंचे यजमान गणपतराव भडकले. "हरवेळी त्याचीच बरणी काहून फुटते? काही पाठवू नको वं!"

"अवो, पण खरंच फुटली असंन तर? माह्या लोणच्याचं नाव खराब होईन ना!"

जिजाबाईंनी वकिलांना पोस्टकार्ड लिहिलं, मुद्दाम मोठ्या अक्षरात, घरात कोणालाही वाचता यावं असं. "नवी बरणी पाठवते. पण फुटक्या बरणीतलं लोणचं कोणी चाखलं असेल, तर त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्या. काच पोटात गेली तर जिवावर बेततं."

पाचव्या दिवशी नाशिकहून तार आली.


"बरणी फुटलीच नव्हती. आई माझं ऐकत नाही, दवाखान्यातून हलत नाही. कृपया तुम्हीच तिला कळवा."