अर्ध्या कड्यावर

कड्याच्या मध्यावर गुनवोरचा पाय अडला.

पुढचा खडक कमरेइतका उंच होता. हात टेकायचे, गुडघा वर घ्यायचा आणि चढायचं, एवढंच. लहानपणापासून दर उन्हाळ्यात ती हा कडा चढत आली होती. आज तिने हात टेकले आणि तशीच उभी राहिली. उजवीकडे, खूप खाली, येन्दे सरोवर. हिमनदीच्या गाळाने हिरवं झालेलं. डावीकडे दुसरं, काळंनिळं. मधे दगडांची ही धार.

"काय झालं?" मागून रिक्केने विचारलं.

रिक्के तिची सून. डेन्मार्कची, म्हणजे सपाट मुलखातली. सकाळी बोटीतून उतरल्यापासून गुनवोर तिला टोमणे मारत होती. "तुमच्याकडे टेकाडालाही पर्वत म्हणतात ना गं? बघ हं, इथे नॉर्वेत वाटेला कठडे नसतात." रिक्के हसून सोडून देत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण डोंगरात चल असं सासूने पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"बुटाची नाडी सुटलीय," गुनवोर म्हणाली.

नाडी नीट बांधलेली होती. सासूचे हात मात्र खडकावरून सुटत नव्हते.

"गरगरतंय का?"

"गप्प बस."

मागे पाच-सहा जण येऊन थांबले. मदत हवी का, असं एकाने विचारलं.

"नको. आम्ही जरा देखावा बघतोय," रिक्के म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

ती माणसं बाजूने एकेक करत वर गेली. गुनवोरने मान वळवली नाही.

"परत फिरायचं?" रिक्केने हळूच विचारलं.

"इथून उतरणं जास्त वाईट." गुनवोरचा आवाज बारीक झाला होता. "खालचं सगळं दिसतंय मला. पूर्वी कधी दिसायचंच नाही."

रिक्के तिच्या अगदी पाठीशी आली. "आता खाली बघितलंस तर मीच दिसेन. उजवा पाय दे."

वाकून तिने सासूचा बूट हाताने उचलला आणि खडकाच्या खाचेत बसवला. "टाक भार. हं. आता डावा."

"हे कुठे शिकलीस तू?"

"कुठेच नाही. मीही घाबरलेय. बोलू नकोस, नाहीतर दोघी इथेच बसू."

असाच एकेक खडक सर होत गेला. एकदा गुनवोरचा पाय निसटून रिक्केच्या खांद्यावर आदळला. रिक्केने तो पुन्हा खाचेत बसवला.

माथ्यावर पोचल्यावर गुनवोर एका दगडावर बसली. डब्यातला तपकिरी चीजचा पाव तिला गिळवेना. रिक्केने संत्रं सोललं आणि एकेक फोड तिच्या हातावर ठेवली. ती खात राहिली.

संध्याकाळी खालच्या लॉजवर दोघी टेकतात न टेकतात तोच औदुनचा फोन आला. रिक्केचा नवरा, गुनवोरचा एकुलता एक मुलगा. आता वय झालं, डोंगर बास, असं तो हिवाळ्यापासून आईच्या मागे लागला होता. शेवटी रिक्के बरोबर असेल तर यंदा जा, पुढचं पुढे बघू, एवढ्यावर तोड निघाली होती.

"झकास झालं," गुनवोर फोनवर म्हणाली. "तुझी बायको मधे जरा घाबरली. मी? मला काय होतंय!"

समोर रिक्के वॅफल खात होती. तिने मान वर केली नाही.

फोन ठेवून गुनवोर बराच वेळ कॉफी ढवळत राहिली. कॉफीत तिने साखर घातलीच नव्हती.

"खोटं बोलले मी."

"ऐकलं मी."

"सांगणार आहेस त्याला?"

"नाही."

"का?"

"कळलं तर तो पुन्हा डोंगरात पाठवायचा नाही तुला."

गुनवोरने खिडकीबाहेर पाहिलं. शेवटची बोट धक्क्याला लागत होती. लोक हसत, एकमेकांना हात देत उतरत होते. तिने फोन उचलला, मुलाचा नंबर लावला आणि रिक्केपुढे धरला.

"खरं काय ते तू सांग," ती म्हणाली. "माझ्या तोंडातून ते निघत नाहीये."