लिफ्टमध्ये सुटणारी वेणी

कुटुंब न्यायालयात केतकीच्या कपाळावर आठवणींची पट्टी बांधली गेली. मुलाचा ताबा मागणाऱ्याने आधी त्या मुलाची तासाभराची आठवण आतून जगायची, असा आता कायदाच होता.

तिची तक्रार जुनीच होती. "बाप पोरीचे केससुद्धा विंचरत नाही. दर रविवारी झिपऱ्या सोडून पाठवतो."

डोळे मिटताच ती तिचीच सहा वर्षांची लेक इरावती झाली. मागे बसून बाबा तिसऱ्यांदा वेणी सोडून पुन्हा घालत होता. "आई अशी घालते," ती त्याला शिकवत होती. अखेर वेणी जमली.

मग आईची इमारत आली. लिफ्टचं दार मिटताच इवली बोटं मागे गेली आणि वेणी सोडू लागली. बाबालाही जमते हे कळलं, तर आईला वाईट वाटेल. पाचव्या मजल्यावर दार उघडलं. समोर केतकीला ती स्वतःच दिसली, हात पसरून उभी, आभाळाएवढी.

पट्टी निघाली.

"तक्रार कायम आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं. बाहेर बाकावर इरावती बसली होती. केतकी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"या रविवारी वेणी सोडू नकोस हं. बाबाने घातलेली मला बघायचीय."