बाबांचा नेम

सोनाराच्या तराजूजवळ ठासणीच्या बंदुकीच्या चौदा गोळ्या होत्या; बाबांनी चुलीवर शिसं वितळवून घरीच ओतलेल्या. दहांचं वजन सारखं भरलं, चार हलक्या निघाल्या. त्यातली एक कापली, तर आत हवेचा फुगा होता.

“सांगलंय मा, खोट गोळयेतच आसा!” बाबा खूश झाले. मीही झाले. गेल्या आठवड्यात शेतातल्या डुकरावर झाडलेली त्यांची गोळी शेजारच्या परबांच्या गोठ्याच्या भिंतीत घुसली होती. आत त्यांची सून शेण काढत होती. तेव्हापासून आईचा एकच धोशा होता, बंदूक पोलिसांत जमा करा.

तरी मला चैन पडेना. चांगल्या दहा गोळ्या घेऊन आम्ही बंद पडलेल्या चिरेखाणीत गेलो. प्रत्येक बाराला दारू मीच तोलून दिली. बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून बाबांनी समोर उभ्या केलेल्या फळीवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं माझ्या पंजाखाली झाकली गेली.

“बघलंस मा, चेडवा?” म्हणत ते उठले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली. नळीचं टोक थरथरत होतं. मी फळीकडे बघत राहिले.

उरलेल्या पाचांतल्या दोनच फळीला लागल्या. मी टेप लावली. त्या दोन भोकांमधलं अंतर सव्वीस इंच भरलं.