श्रावणातला रस्सा

मंगळवार पेठेतल्या तानाबाईच्या खानावळीत गेल्या वर्षी मंत्रीसाहेबांनी ऐन श्रावणी सोमवारी मटणाचा रस्सा ओरपला, तेव्हा 'कार्यकर्त्यांत रमणारा साधा माणूस' म्हणून एका टीव्ही चॅनेलवर नुसतं कौतुक चाललं होतं. तानाबाईनं त्यांचा जेवतानाचा फोटो हौसेनं फ्रेम करून गल्ल्यामागं लावला.

यंदा श्रावणी सोमवारीच, त्याच बाकड्यावर, विरोधी पक्षाचे उदयसिंह जेवले. त्याच चॅनेलनं दिवसभर धोशा लावला, 'श्रावणात मटण! श्रद्धेचा अपमान!'

संध्याकाळी पेट्रोलच्या बाटल्या घेऊन जमाव आला. तानाबाई दारात आडवी आली. "आरं, तुमचं सायेबबी हितंच जेवून गेल्यात की! त्यो बघा फोटो!"

म्होरक्यानं फोटो बघितला.



अलगद उतरवला, रुमालानं पुसून कपाळाला लावला, बाहेर नेऊन ठेवला, आणि मग काडी ओढली.